प्रीपेड कार्डावरील शिल्लक : मर्यादा, मालकी आणि जप्तीचा प्रश्न

प्रस्तावना

आगाऊ रक्कम भरून वापरावयाची कार्डे, म्हणजेच प्रीपेड कार्डे, आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाहीत. प्रवासाचे कार्ड, भोजनाचे कार्ड, भेटकार्ड, मोबाईलमधील पाकीट अशा विविध रूपांनी ती मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांच्या व्यवहारात शिरली आहेत. त्यांच्याविषयी समाजात दोन परस्परविरोधी समज आढळतात. पहिला असा की, बँकेचे खाते न्यायालय गोठवू शकते, परंतु कार्डावरील पैशाला कोणी हात लावू शकत नाही. दुसरा समज भीतीतून आलेला आहे. कर्जाचा हप्ता थकला की वसुली प्रतिनिधी कार्डावरील रक्कम परस्पर काढून घेऊ शकतो, असे अनेकांना वाटते. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांचा फटका प्रामुख्याने अल्प उत्पन्न असलेल्या ऋणकोला बसतो. पहिल्या समजामुळे तो गाफील राहतो, तर दुसऱ्यामुळे कायद्याने दिलेले संरक्षण न मागताच सोडून देतो. प्रस्तुत लेखात भारतातील प्रीपेड साधनांवरील रकमेच्या मर्यादा आणि त्या रकमेवर धनकोचा हक्क कितपत पोहोचतो, याचे विवेचन केले आहे.

कार्डावर नेमके काय असते?

डेबिट कार्ड व प्रीपेड कार्ड दिसायला सारखीच असतात, पण त्यांचे कायदेशीर स्वरूप भिन्न आहे. डेबिट कार्ड ही बचत किंवा चालू खात्याची किल्ली होय. पैसे खात्यात असतात आणि कार्ड हे केवळ तेथपर्यंत पोहोचण्याचे साधन असते. प्रीपेड साधनामागे धारकाच्या नावाचे बँक खाते असेलच असे नाही. धारकाने रक्कम आगाऊ भरलेली असते आणि तेवढ्या मूल्याची खरेदी अथवा व्यवहार करू देण्याचे उत्तरदायित्व कार्ड देणाऱ्या संस्थेवर, म्हणजे जारीकर्त्यावर असते. प्लॅस्टिकच्या तुकड्यात पैसे नसतात. तेथे असतो तो जारीकर्त्याविरुद्धचा एक हक्क. जप्तीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना हा भेद क्षणभरही विसरता येत नाही.

या साधनांचे नियमन ‘प्रदान आणि तडजोड प्रणाली अधिनियम, २००७’ अन्वये भारतीय रिझर्व्ह बँक करते. बँकेने २००९ साली पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. २०१७ साली त्यांची जागा सर्वसमावेशक निर्देशांनी घेतली आणि २७ ऑगस्ट २०२१ रोजी नव्याने मास्टर निर्देश जारी झाले. एखाद्या दुकानाने वा साखळी विक्रीकेंद्राने केवळ स्वतःकडील खरेदीसाठी दिलेले कार्ड हे बंदिस्त साधन होय. ते रिझर्व्ह बँकेच्या परवानगीच्या कक्षेत येत नाही. अन्य साधनांची २०२१ च्या निर्देशांनी मुख्यतः दोन गटांत विभागणी केली : किमान तपशिलावर मिळणारी ‘लघु’ साधने आणि ग्राहकाची संपूर्ण ओळख पटवून दिलेली साधने.

लघु साधनात एका महिन्यात १०,००० रुपये व एका आर्थिक वर्षात १,२०,००० रुपयांपेक्षा अधिक भरणा करता येत नाही, आणि कोणत्याही क्षणी शिल्लक १०,००० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, असे या निर्देशांनी ठरविले. अशा साधनातून केवळ वस्तू व सेवांची खरेदी करता येते. रोख काढणे किंवा दुसऱ्यास रक्कम पाठविणे याला मुभा नाही. संपूर्ण ओळख पडताळणी झालेल्या साधनातील शिलकीची कमाल मर्यादा मे २०२१ मध्ये एक लाखावरून दोन लाख रुपये करण्यात आली. भेटकार्डाची मर्यादा १०,००० रुपये असून त्यात पुन्हा भरणा करता येत नाही. सार्वजनिक वाहतुकीसाठीच्या साधनात ३,००० रुपयांपेक्षा अधिक शिल्लक ठेवता येत नाही.

या आकड्यांमागील हेतू पाहिला की पुष्कळसा गोंधळ दूर होतो. ओळखीचा पुरावा जितका कमी, तितकी रकमेची मर्यादा कमी, असे हे सूत्र आहे. काळ्या पैशाची फिरवाफिरव आणि निनावी व्यवहार रोखणे हा त्याचा उद्देश होय. ऋणकोच्या उपजीविकेपुरती काही रक्कम धनकोपासून सुरक्षित राहावी, हा विचार या मर्यादांच्या मुळाशी कोठेही नाही. सबब, ‘कार्डावर दहा हजारच ठेवता येतात, म्हणून ते दहा हजार सुरक्षित आहेत’ हा तर्क टिकत नाही. मर्यादा भरण्याला आहे, जप्तीला नाही.

जप्तीचा मार्ग

खाजगी धनकोला, मग ती बँक असो, वित्त कंपनी असो वा सावकार असो, ऋणकोच्या कार्डावरील रक्कम स्वतःच्या अधिकाराने ताब्यात घेता येत नाही. त्याने प्रथम दावा दाखल करून हुकूमनामा मिळवावा लागतो आणि त्यानंतर अंमलबजावणीची दरखास्त द्यावी लागते. वसुली प्रतिनिधीने कार्डाचा क्रमांक किंवा गुप्त संकेतांक मागणे याला कायद्याचा कोणताही आधार नाही.

हुकूमनामा झाल्यानंतर मात्र चित्र पालटते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये जप्तीस पात्र मालमत्तेची यादी आहे. जमीन, घरे, माल, पैसा, नोटा, धनादेश यांबरोबरच त्या यादीत ‘ऋणे’ हा शब्द आहे, आणि ऋणकोला स्वतःच्या लाभासाठी ज्यावर विल्हेवाटीचा अधिकार वापरता येतो अशा अन्य विक्रीयोग्य मालमत्तेचाही समावेश आहे. संहिता रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्लॅस्टिकचे कार्ड नव्हते हे उघड आहे, पण त्यांनी योजलेली भाषा पुरेशी व्यापक आहे. जारीकर्ता धारकाला जी रक्कम देणे लागतो, ते धारकाच्या दृष्टीने येणे, म्हणजे जारीकर्त्याने फेडावयाचे ऋणच होय.

त्यामुळे बेलिफाने ऋणकोच्या खिशातील कार्ड उचलून नेले तरी धनकोच्या पदरात काही पडत नाही. जप्ती करावयाची असते ती जारीकर्त्याकडील येण्याची. त्यासाठी आदेश २१, नियम ४६ खाली न्यायालय मनाई आदेश काढते. त्यान्वये ऋणकोने ते येणे वसूल करू नये आणि जारीकर्त्याने ते त्याला देऊ नये, असे बंधन पडते. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या नियम ४६-अ व पुढील नियमांनी एक पाऊल पुढे टाकले. ज्याच्याकडून ऋणकोला येणे आहे त्या त्रयस्थास (विधिव्यवहारात त्यास ‘गार्निशी’ म्हणतात) नोटीस देऊन रक्कम न्यायालयात भरण्यास किंवा हरकत मांडण्यास सांगता येते. रक्कम भरल्यास तेवढ्यापुरता त्रयस्थ मुक्त होतो. ना रक्कम, ना हरकत, अशी स्थिती राहिल्यास त्याच्याविरुद्धचा आदेश हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो.

येथे एक बारकावा अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. नियम ४६-अ मधून गहाण अथवा भार यांनी सुरक्षित केलेली ऋणे वगळली आहेत. दुसरीकडे, पुढे विवेचन केल्याप्रमाणे, २०१५ पासून प्रीपेड धारकांना जारीकर्त्याच्या राखीव खात्यावर ‘प्रथम व सर्वोच्च भार’ मिळाला आहे. मग धारकाचे येणे हे ‘भाराने सुरक्षित ऋण’ ठरून गार्निशीची वाट बंद होते काय? असा युक्तिवाद ऋणकोच्या वतीने करता येण्यासारखा आहे. तो मान्य झाला तरी ऋणकोची पूर्ण सुटका होत नाही, कारण नियम ४६ मधील मनाई आदेशाला ही मर्यादा लागू नाही. तेथे केवळ पराक्राम्य लेखाने सुरक्षित केलेले ऋण वगळले आहे. धारकाला दिलेला भार जारीकर्त्याच्या दिवाळखोरीपासून त्याचे रक्षण करण्यासाठी आहे, त्याच्या स्वतःच्या कर्जापासून पळवाट देण्यासाठी नव्हे, असे उत्तर धनको देईल आणि ते अधिक सयुक्तिक वाटते.

भेटकार्ड व बंदिस्त कार्ड यांची स्थिती थोडी वेगळी आहे. भेटकार्डातून रोख मिळत नाही आणि बंदिस्त कार्डावर केवळ त्याच दुकानातील माल मिळतो. जारीकर्ता पैशाच्या रूपाने काहीच देणे लागत नसेल तर त्याला ‘ऋण’ म्हणणे कठीण होते. लघु साधनातूनही रोख काढता येत नाही, म्हणून ते याच वर्गात मोडते, असे मात्र समजू नये. धारक ते साधन केव्हाही बंद करू शकतो आणि तसे केल्यास शिल्लक ज्या स्रोतातून भरली त्या खात्यात, किंवा ओळख पडताळणीनंतर बँक खात्यात परत घेण्याची तरतूद २०२१ च्या निर्देशांत आहे. परत मागता येण्याजोगी रक्कम ही येणेच आहे.

व्यवहारात धनकोपुढील खरी अडचण कायद्याची नसून माहितीची असते. ऋणकोकडे कोणते कार्ड आहे हे त्याला कळावे कसे? आदेश २१, नियम ४१ याचे उत्तर देतो. हुकूमनामा पैशाचा असल्यास न्यायालय ऋणकोची तोंडी तपासणी करू शकते व त्याला मालमत्तेचे शपथपत्र देण्यास भाग पाडू शकते. आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. शपथपत्रात घर, दुचाकी, बँक खाते लिहून मोबाईलमधील पाकीट वगळणारा ऋणको नकळत धोका पत्करतो. अर्थात दहा हजारांच्या शिलकीसाठी वकील, नोटीस व तारखा यांचा खर्च करण्यास कोणता धनको तयार होईल, हा प्रश्न उरतोच. लघु साधनांना जे काही संरक्षण लाभते ते बहुधा या हिशेबातून लाभते. दोन लाखांच्या कार्डाला मात्र ते लाभणार नाही.

पैसा आला कोठून?

कलम ६० चे परंतुक हा या विषयाचा गाभा होय. त्यात जप्तीपासून मुक्त असलेल्या गोष्टी दिल्या आहेत : मजुरांचे व घरगुती नोकरांचे वेतन (खंड ह), सेवानिवृत्तांना मिळणारे निवृत्तिवेतन व उपदान (खंड ग), आणि पगारातील एक हिस्सा (खंड आय). निर्वाहखर्चाचा हुकूमनामा वगळता अन्य हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीत पगाराचे पहिले १,००० रुपये व उर्वरित रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त होऊ शकत नाही. २५,००० रुपये मासिक पगार धरल्यास १,००० अधिक १६,०००, म्हणजे १७,००० रुपये सुरक्षित राहतात व ८,००० रुपये जप्तीस पात्र ठरतात. निर्वाहखर्चाच्या हुकूमनाम्यात केवळ एक-तृतीयांश पगार सुरक्षित असतो. पत्नी व अपत्ये यांच्या भरणपोषणाला विधिमंडळाने दिलेले हे अग्रस्थान योग्यच आहे.

आता हीच रक्कम कार्डावर गेली की काय होते? समजा, मालकाने न्यायालयाच्या आदेशानुसार ८,००० रुपये कापून उरलेले १७,००० रुपये कर्मचाऱ्याच्या कार्डावर भरले आणि धनकोने त्या कार्डावरही जप्ती आणली. हे मान्य केले तर परंतुकाला अर्थच उरणार नाही. कलमाचे पहिले स्पष्टीकरण सांगते की, या खंडांतील रकमा प्रत्यक्ष देय होण्यापूर्वी व देय झाल्यानंतरही जप्तीपासून मुक्त राहतात. ‘देय झाल्यानंतर’ म्हणजे ‘दिल्यानंतर’ही काय, हा वादाचा मुद्दा होता. निवृत्तिलाभांपुरते त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निर्णयात दिले. निवृत्तिवेतन व उपदान हाती आल्यानंतरही त्यांचे मूळ स्वरूप नष्ट होत नाही आणि ते मुदत ठेवीत गुंतविले तरी खंड ग चे संरक्षण टिकते, असा त्याचा आशय आहे. मुदत ठेवीत ज्याचे स्वरूप टिकते ते कार्डावर टिकणार नाही, असे म्हणण्यास तार्किक आधार दिसत नाही.

मजुरांच्या वेतनाबाबत हा प्रश्न यापुढे अधिक निकडीचा होणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या ‘वेतन संहिता, २०१९’ मध्ये रोख, धनादेश व बँक खाते यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वेतन देण्याचा पर्याय आहे. खंड ह मधील ‘मजूर’ या संज्ञेत कुशल, अर्धकुशल व अकुशल असे सर्व येतात आणि त्यांचे वेतन अंशतः नव्हे, तर संपूर्णपणे मुक्त आहे. परंतु कार्ड हे सरमिसळीचे ठिकाण आहे. त्याच कार्डावर मजुरी येते, भावाने पाठविलेली रक्कम येते, दुकानाची परतफेडही येते. वेतनाचे नाणे वेगळे ओळखता येत नाही. सूट सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर पडतो आणि पुराव्याअभावी कायद्याने दिलेले संरक्षण हातातून निसटते.

या संदर्भात अमेरिकेतील व्यवस्था तुलनेसाठी उपयुक्त आहे. तेथे सामाजिक सुरक्षेसारखे संघराज्याचे लाभ खात्यात थेट जमा होतात, प्रीपेड कार्डाच्या खात्यातही होऊ शकतात. १ मे २०११ पासून लागू झालेल्या नियमानुसार जप्तीचा आदेश आल्यावर वित्तसंस्थेने स्वतःहून मागील दोन महिन्यांचे जमाखर्च तपासावयाचे असतात आणि त्या काळात थेट जमा झालेल्या लाभांइतकी रक्कम, शिल्लक असेल तेथवर, धारकाला वापरू द्यावयाची असते. लाभार्थ्याला न्यायालयात धाव घ्यावी लागत नाही. भारतीय संहितेत सूट उदार आहे, पण ती आपोआप लागू होणारी नाही. जारीकर्ता मनाई आदेश पाळतो व मोकळा होतो. हरकत घेण्यासाठी ऋणकोला तारखेस हजर राहावे लागते, त्या दिवसाची मजुरी बुडवून.

आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने कार्डाची मर्यादा काळानुरूप एक लाखावरून दोन लाखांवर नेली. पगारातील पूर्ण सुरक्षित हिश्शाचा १,००० रुपयांचा आकडा मात्र १९९९ च्या दुरुस्तीने ठरला, १ जुलै २००२ रोजी लागू झाला, आणि आजही तोच आहे. पैसे साठविण्याच्या सोयीचा विचार जितक्या तत्परतेने होतो, तितक्या तत्परतेने ऋणकोच्या चुलीचा होत नाही, असे म्हटल्यास ते अन्यायकारक ठरू नये.

शासन आणि सहकारी संस्था

शासन हा धनको असल्यास दिवाणी न्यायालयाचा फेरा टळतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ७९ अन्वये अधिकारी करबुडव्याला देणे लागणाऱ्या किंवा त्याच्या वतीने पैसे बाळगणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस लेखी नोटीस देऊन ती रक्कम शासनाकडे भरण्यास सांगू शकतो. ‘कोणतीही व्यक्ती’ यात कार्डाचा जारीकर्ताही येतो.

महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला अधिक जवळचा अनुभव पगारदार सेवकांच्या पतसंस्थेचा असतो. सहकाऱ्याच्या कर्जास जामीन राहणे हा आपल्याकडे सौजन्याचाच भाग समजला जातो. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व, करारात वेगळे ठरले नसल्यास, मूळ ऋणकोइतकेच असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली प्रमाणपत्र मिळाले की कलम १५६ व नियम १०७ यांच्या आधारे वसुली अधिकारी मालमत्तेच्या जप्तीची कार्यवाही करू शकतो, आणि ती जामीनदारापर्यंत येऊ शकते.

पोलिसांकडून खाते वा पाकीट गोठविले जाणे ही बाब याहून सर्वस्वी निराळी आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नेवगी या १९९९ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बँक खाते ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ च्या अर्थाने ‘मालमत्ता’ ठरविली. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने घेतली आहे. ही कार्यवाही गुन्ह्याच्या संशयावर होते. कर्ज थकणे हा गुन्हा नव्हे, आणि धनकोने पोलिसांच्या नावाने दिलेली धमकी हा कायदेशीर मार्ग नव्हे.

जारीकर्त्याचे धनको

आतापर्यंत धारकाच्या कर्जाचा विचार झाला. जारीकर्ता कंपनीच कर्जबाजारी झाली तर? बिगर-बँक जारीकर्त्याने ग्राहकांची शिल्लक रक्कम अनुसूचित व्यापारी बँकेतील स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. २०१५ साली मूळ अधिनियमात कलम २३-अ घालण्यात आले. त्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाने राखलेल्या अशा खात्यातील शिलकीवर, ज्यांना त्यातून रक्कम मिळावयाची त्या व्यक्तींचा प्रथम व सर्वोच्च भार असतो. त्या सर्वांची देणी पूर्ण भागेपर्यंत परिसमापकालाही ती रक्कम अन्यत्र वापरता येत नाही. कंपनीच्या धनकोंपासून धारकाला मिळालेले हे कवच भक्कम आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले तेव्हाही नव्याने भरणा करण्यास मनाई झाली, पण पाकिटातील उपलब्ध शिल्लक वापरण्यास मुभा राहिली.

सूट मागण्याची पद्धत

ऋणकोने जप्तीच्या आदेशानंतर अंमलबजावणी न्यायालयात अर्ज देऊन कार्डावरील रक्कम कलम ६० च्या परंतुकात बसते हे दाखवावयाचे असते. कर्ज घेताना छापील अर्जावर ‘सर्व सवलतींचा त्याग करीत आहे’ अशा मजकुराखाली स्वाक्षरी केली असली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण कलम ६० (१-अ) नुसार सूट सोडून देण्याचा करार शून्य असतो. पुराव्यासाठी लागते ती दोन कागदांची जुळणी : मालकाने दिलेली वेतनचिठ्ठी आणि कार्डाचा जमाखर्च. किमान मागील सहा महिन्यांचे विवरण धारकाला उपलब्ध करून देणे २०२१ च्या निर्देशांनी जारीकर्त्यावर बंधनकारक केले आहे, आणि त्यात प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, शिल्लक व स्वरूप असावे लागते. वेतनासाठी एक कार्ड स्वतंत्र ठेवून त्यात अन्य कोणतीही रक्कम न भरल्यास हे विवरण वाचण्यास न्यायालयाला पाच मिनिटेही लागणार नाहीत.